न भाजणारा हात

"सरका, सरका, बायांनो! पेला तापलाय, कोणाच्या तरी अंगावर सांडायचा!"

लॉन्ड्रीच्या घडीखोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. जेवणाची सुट्टी मोजून अर्ध्या तासाची, पण त्या दिवशी कोणी डबे उघडलेच नव्हते. चादरींचे गठ्ठे भिंतीशी ढकलून मधे टेबल ओढलं होतं, आणि त्यावर गारवाबाबा मांडी घालून बसले होते. समोर स्टीलचा पेला. पाऊण तास वाफेच्या नळीवर ठेवलेला, आत कढत पाणी.

"चटका म्हणजे काय?" बाबांनी विचारलं आणि उत्तरासाठी थांबायची तसदी घेतली नाही. "भ्रम! आणि फोड म्हणजे? भ्रमाला आलेला भ्रम! ज्याच्या कातडीत संशय, त्याला चटका. ज्याच्या कातडीत गारवा तेल, त्याला झुळूक! एक बाटली घ्या, हात वाचेल. दोन घ्या, अख्खं घर वाचेल!"

दोन बाया हसल्या, बाकीच्यांनी हात जोडले. मग इस्त्रीच्या रोलरवर काम करणारी एक बाई पुढे आली. बाबांनी तिच्या उजव्या तळहाताला तेल चोपडलं, फडक्यात धरून पेला उचलला आणि तिच्या करंगळीच्या बाजूला टेकवला. सगळ्या मोजायला लागल्या. पाच, दहा, पंधरा. बाई हसत होती. वीस झाले तेव्हा खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांनी लगोलग त्या हाताला पांढरं फडकं गुंडाळलं. तीन दिवस सोडायचं नाही, शक्ती उडून जाते.

या गर्दीत एकच बाई टाळ्या वाजवत नव्हती. ती दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काम करायची. सगळा गाव तिला सिस्टर म्हणतो, आपणही तेच म्हणू. ती इथे आली होती ती चमत्कार बघायला नव्हे. गेल्या दहा दिवसांत तिच्याकडे याच लॉन्ड्रीतल्या सात जणी आल्या होत्या. सातही तळहात भाजलेले, सातही तेलाने बरबटलेले, आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य, "माझीच श्रद्धा कमी पडली असेल." ते ऐकून सिस्टरच्या डोक्यात तिडीक गेली होती. पण टेबलापाशी हसत उभी असलेली बाई आपली थोरली जाऊ असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिने आधी सुपरवायझरला गाठलं.

"या बायकांचे हातमोजे कुठे आहेत?"

"कपाटात. कुलपात." सुपरवायझरने किल्ली बोटाभोवती फिरवली. "तेल लावून वर मोजे घालायचे म्हणजे बाबांवर अविश्वास दाखवणं झालं. आणि खरं सांगू का सिस्टर, मोज्यांनी काम रेंगाळतं. मालकसुद्धा खूश आहेत."

मालक खूश असणारच! मोजे फाटले की नवे आणावे लागतात, हात फाटला की बाई नवी मिळते.

संध्याकाळी जाऊबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. उजव्या हातावरचं फडकं कडेने ओलं झालेलं सिस्टरला दारातूनच दिसलं.

"जाऊबाई, ते सोडा बघू."

"अगं, तीन दिवस सोडायचं नाही. आणि ते खोटं पाणी आहे. बाबा म्हणाले, साठलेली उष्णता पाणी होऊन निघते."

सिस्टरने ऐकलं नाही. फडकं सुटलं तेव्हा करंगळीपासून मनगटापर्यंत भलाथोरला फोड होता, एका ठिकाणी फुटलेला. फडक्याला सर्दीच्या मलमाचा वास येत होता. कापूर आणि पुदिन्याचं सत्त्व. गार वाटतं ते त्यानेच.

"दुखत नाही?"

"छे! तेच तर नवल."

एवढा फोड आणि दुखत नाही? सिस्टरने पेटीतून कापूस काढला, त्याची बारीक वात केली. "डोळे मिटा. कापूस लागला की हो म्हणा." डाव्या हाताला कापूस टेकताच जाऊबाई प्रत्येक वेळी हो म्हणाल्या. उजव्या हाताच्या अंगठ्यालाही म्हणाल्या. करंगळीच्या बाजूला मात्र त्या गप्प. मग बाही वर केली, तर कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा, कोरडा, त्यावर लव नाही. तिथेही गप्प.

"हा डाग केव्हाचा?"

"झाली असतील दोन वर्षं. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कोण लक्ष देतंय."

कोण लक्ष देणार? याच ओट्याशी, याच बाहीशेजारी सिस्टरने दोन वर्षं पोळ्या लाटल्या होत्या. दिवसभर परक्यांच्या जखमा धुणाऱ्या बाईला घरातला चट्टा दिसला नाही. तिला स्वतःचा इतका राग आला की कापूस हातातच चुरगळला.

"बाबांनी तुम्हालाच कसं निवडलं?"

"पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांचे हात बघितले. टाचणी टोचून. कोणाचा हात शुद्ध आहे ते बघायला. बाकीच्या सगळ्या आई गं म्हणाल्या. मी एकटीच नाही म्हणाले. याआधी दोनदा पेला टेकवला, पण पाच मोजेपर्यंतच. वीस आजच झाले."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! ज्या टाचणीने डॉक्टर आजार शोधतो, त्याच टाचणीने या माणसाने आजार शोधला, आणि तिला दवाखान्याची वाट दाखवायच्या ऐवजी तिच्या बधिर हातावर दुकान मांडलं. पेला नेहमी करंगळीच्याच बाजूला का टेकवायचा, हेही आता कळलं. सिस्टरने सांगायला सुरुवात केली, पण जाऊबाईंनी हात काढून घेतला.

"तुला माझं कौतुक बघवत नाही, असं सरळ म्हण ना. तेवीस वर्षं त्या रोलरपाशी उभी आहे मी. कोणी पाणी हवं का म्हणून विचारलं नाही. आता सुपरवायझर स्वतः खुर्ची आणून देतो. आणि तू म्हणतेस, आजार?"

सिस्टरने जखम धुतली, पट्टी बांधली आणि एवढंच म्हणाली, "उद्या त्याला म्हणा, तेल डाव्या हाताला लाव."

दुसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा व्हायच्या आत सिस्टर घडीखोलीत हजर होती. बाबा आले, पेला आला, गर्दी तर कालच्यापेक्षा जास्त. बाबांनी जाऊबाईंचा पट्टी बांधलेला हात बघितला आणि क्षणभर कपाळाला आठी पडली.

"पट्टी कोणी बदलली? शक्ती खंडित केली! असू दे, पुन्हा आवाहन करू." आणि त्यांनी पट्टी सोडायला हात घातला. कालच्या फुटलेल्या फोडावर हा माणूस आज पुन्हा तापलेला पेला टेकवणार होता.

"हात लावू नका तिला!" सिस्टर ओरडली. "तेल खरं आहे ना? मग डाव्या हाताला लावा."

"उजवा हात दात्याचा, डावा याचकाचा," बाबा हसले. "तेलाला दिशा असते, ताई."

"मग तुमचा उजवा पुढे करा. तुम्ही दातेच आहात."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी हात पुढे केला नाही, उलट तो सदऱ्याच्या खिशात गेला. "माध्यमाने स्वतः प्रसाद घ्यायचा नसतो," ते म्हणाले. जाऊबाईंनी त्या खिशाकडे बघितलं, मग आपल्या पट्टीकडे. आणि स्वतःच तेलाची बाटली उचलून डाव्या हातावर ओतली.

"लाव गं," त्या सिस्टरला म्हणाल्या. "होऊ दे एकदाचं."

सिस्टरने पेल्याला हातही लावला नाही. पर्समधून दोन छोट्या बाटल्या काढल्या. एकीत गार पाणी, दुसरीत गरम. गरम म्हणजे जाणवेल एवढंच, भाजेल असं नाही. दोन बायकांना हातात धरून बघायला लावलं. जाऊबाईंच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. तेल लावलेल्या डाव्या हाताला गरम बाटली टेकताच त्या म्हणाल्या, "गरम." गार टेकवली, "गार." मग उजव्या करंगळीचं पट्टीबाहेरचं टोक, तेलाचा थेंब नसलेलं.

"सांगा."

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. सिस्टरने बाटली बदलली.

"आता?"

"काय आता?" जाऊबाई म्हणाल्या. "टेकवलीस का?"

आता कोणी मोजत नव्हतं.

"बघा नीट," सिस्टर म्हणाली. "तेल आहे तिथे कळतं, तेल नाही तिथे कळत नाही. म्हणजे यात तेलाचा काडीचा संबंध नाही. कातडीचा वरचा थर पातळ, त्याच्याखाली जाड थर, आणि त्या जाड थरात नसांची टोकं. चटका बसला की नसा मेंदूला निरोप धाडतात, आपण हात मागे घेतो. यांच्या या नसा आजाराने दुबळ्या झाल्यात. कातडी तुमच्याआमच्यासारखीच भाजते, फक्त भाजल्याचा निरोप पोचत नाही. काल फडक्याखाली काय होतं ते बघायचंय? हे घ्या, बघा!"

पट्टी सुटली. पुढच्या रांगेतल्या एकीने तोंडाला पदर लावला.

"हे या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. टाचणी कशाला टोचली याने? शुद्ध हात शोधायला नाही. बधिर हात शोधायला."

"पण आजार कसला?" सुपरवायझरने मान पुढे काढली.

"ते डॉक्टर त्यांना सांगतील. तुम्हाला नाही."

बाबांना एकदम साधनेची वेळ झाल्याचं आठवलं. बाटल्यांची पेटी बगलेत मारून ते मालाच्या दाराने सटकले. त्यांना धरायला हवं होतं, पण त्या गडबडीत कोणालाच सुचलं नाही. असली माणसं पळून कुठे जातात? पुढच्या कारखान्यात. तिथेही कोणीतरी बाई असेल, जिला वर्षानुवर्षं कोणी खुर्ची दिलेली नाही.

डॉक्टरांनी तपासलं. कुष्ठरोग. शब्द ऐकून जाऊबाईंनी हात पदराखाली घेतला. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, डॉक्टर म्हणाले, आणि गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण्याची धास्तीही लवकरच संपते. गेलेली जाणीव सगळी परत येईल असं मात्र वचन नाही. दोन वर्षांपूर्वी आल्या असत्या तर गोष्ट वेगळी असती. त्या रात्री जाऊबाई जेवल्या नाहीत. "कोणाला सांगू नकोस," एवढंच म्हणाल्या. सिस्टरने कोणाला सांगितलं नाही.

सांगितलं ते जाऊबाईंनीच, महिनाभराने, कामावर परतल्या त्या दिवशी. घडीखोलीत कुजबुज चालू होती, दोघी जणी त्यांच्यापासून सरकून बसल्या होत्या. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या.

"कुजबुजता कशाला? मला विचारा. कुष्ठरोग आहे मला. कोणाचा शाप नाही, कुठल्या जन्माचं पाप नाही, जंतू आहे. गोळ्या घेतेय, बरी होणार. मी इथे तुमच्यासमोर हसत उभी राहून हात भाजून घेतला, आणि माझं बघून तुमच्यातल्या सात जणींनी घेतला. त्याची लाज वाटते मला. आजाराची नाही. चटका बसला की ओरडा गं! दुखतंय म्हणजे हात शाबूत आहे. जो सांगेल दुखणं खोटं, त्याला म्हणा, आधी तुझा हात दाखव. आणि घरी जाऊन एकमेकींच्या पाठी बघा, पोरांच्या बघा. फिकट डाग दिसला तर कापूस लावा. कळलं नाही तर दवाखाना गाठा. तेल नाही, फडकं नाही, दवाखाना!" मग त्या सुपरवायझरकडे वळल्या. "आणि ते कपाट उघडा."

त्याने निमूटपणे कपाट उघडलं.

आठवड्याने, बाह्यरुग्ण विभाग बंद व्हायच्या वेळेला, तोच सुपरवायझर ड्रेसिंगच्या खोलीत आला. दार लोटून घेतलं. सदरा काढून स्टुलावर बसला.

"पाठीवर डाग आहे म्हणते बायको," तो खाली बघत म्हणाला. "वर्ष झालं असेल. काही नसेल म्हणा, पण बघून घ्या."

सिस्टरच्या अगदी जिभेवर आलं होतं, दोन बाटल्या तेल लावा, अख्खं घर वाचेल. सात तळहात तिच्या डोळ्यांपुढे होते. तिने ते शब्द गिळले आणि कापसाची वात केली.

"डोळे मिटा. कापूस लागला की हो म्हणा."

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "करा ना सुरू, सिस्टर."

तिचा कापूस तिसऱ्यांदा त्या डागावरून फिरत होता.