नंतर बोलू

गायनवृंदातल्या इनासनं व्हायोलिनची खुंटी पिळली, तार छेडून ऐकली आणि समाधानानं मान हलवली. चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा, संपली होती. नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू व्हायची होती.

“टीचर, तुमच्या चेडवाचा मन मोठा हां,” तो डेल्सीला म्हणाला. “आपला व्हायोलिन कॉयराक देवन टाकल्यान. म्हटल्यान, माका आता लागूचा नाय.”

डेल्सी हसली. “बारावीचा वर्ष. वेळ खंय आसा तिका?”

चर्चच्या पायऱ्या उतरताना ते हसू विरलं. लेकीनं, सँड्रीनानं, मागच्याच आठवड्यात आपला लाडका निळा ड्रेस चुलत बहिणीला देऊन टाकला होता. सुट्टीच्या दिवशी ती पडूनच असायची. जेवताना भातात नुसती बोटं फिरवायची. डेल्सी गणित शिकवायची त्या कॉलेजात ऑगस्टनंतर शिक्षकांसाठी एक व्याख्यान झालं होतं. जिवापाड जपलेल्या वस्तू मूल वाटून टाकू लागलं तर सावध व्हा, सरळ विचारा. विचारल्यानं नसतं काही डोक्यात भरत नाही, असं व्याख्यान देणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. डेल्सीनं मान डोलावली होती. दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

ऑगस्टमध्ये संचिता गेली. सँड्रीनाची पहिलीपासूनची मैत्रीण, डेल्सीच्याच कॉलेजातली. तिनं स्वतःचा जीव दिला हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मोठ्यानं कुणीच म्हणत नव्हतं. वर्गात तिचं नाव काढायचं नाही, मुलं बिथरतील, असं शिक्षकांच्या बैठकीत ठरलं तेव्हा पहिला हात डेल्सीचा वर गेला होता. घरीही तिनं तोच नियम लावला. अंत्यविधीला सँड्रीनाला पाठवलं नाही.

आता ती पायातले बूट न काढताच लेकीच्या खोलीत गेली. सँड्रीना भिंतीकडे तोंड करून पडली होती. व्हायोलिन कुणाला विचारून दिलंस, हे वाक्य डेल्सीच्या जिभेवर तयार होतं. ती पलंगाच्या कडेला बसली.

“सँड्रीना, तुका मरूचा वाटता काय गो?”

मुलीची पाठ ताठ झाली, मग सैल पडली.

“आदी कधीतरी वाटायचा,” ती भिंतीलाच म्हणाली. “आता रोज.”

डेल्सीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“संचितान माका सांगितल्यान होता,” सँड्रीना म्हणाली. “कोणाक सांगा नको म्हटल्यान. मी गप ऱ्हवलंय. माज्यामुळे गेली ती.”

“नाय गो, तसा नसता...”

“एकदा तुका सांगूक इलेलंय मी. तू पेपर तपासी होतंस. म्हटलंस, नंतर बोलू.”

डेल्सीला आठवलं. संचिता जायच्या आधी एकदा दारात लेक उभी होती. आपण मान वर केली नव्हती. मोबाइलच्या रिचार्जचं काही असेल, असं वाटलं होतं. मला काय माहीत, हे शब्द ओठांपर्यंत आले. तिनं ते गिळले.

“तू इलेलंस,” ती म्हणाली. “मीच ऐकूक नाय. ह्या ओझा तुजा न्हय, बाय.”

सँड्रीना वळली आणि रडू लागली. ऑगस्टपासून घरात असा आवाज झाला नव्हता. हुंदके ओसरल्यावर डेल्सी म्हणाली, “ह्या मी लपवन ठेवचंय नाय. पप्पाक सांगतलंय. उद्या आपण डाक्टराकडे जावया. तू येतलंस मां?”

सँड्रीनानं मानेनं होकार दिला.

डेल्सीचा नवरा नेव्हिल जहाजावर नोकरीला होता. पुढच्या बंदरात उतरून येतो, असं तो फोनवर म्हणाला. डेल्सीनं आपली गादी लेकीच्या खोलीत आणून टाकली. सोमवारी कॉलेजला रजा कळवली आणि दोघी ओरोसच्या सरकारी रुग्णालयात गेल्या.

समुपदेशक सारिकाबाईंनी दोघींना आत बसवलं. डेल्सीनं झोपेचं, जेवणाचं, व्हायोलिनचं सगळं ओळीनं सांगायला सुरुवात केली. बाईंनी ऐकून घेतलं.

“आता थोडा वेळ मी हिच्याशी एकटीशी बोलू का?”

डेल्सीनं सँड्रीनाकडे पाहिलं. “तू बस भायर,” सँड्रीना म्हणाली.

बाहेर बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. दारातून सँड्रीनाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. डेल्सीनं कान देणं सोडलं.

“चेडू तुमचा?” बाईनं विचारलं. “काय जाला तिका?”

ताप म्हणून सांगणं सोपं होतं. परवापर्यंत डेल्सीनं तेच सांगितलं असतं.

“जगूचा नाय वाटत तिका,” ती म्हणाली. “आणि माका कळूक नाय.”

बाईनं पिशवी खाली ठेवली आणि थोडी जवळ सरकली.

“माज्या पोराचा पण तसाच,” ती म्हणाली.