सूपमधला भोपळा

बारा वर्षं झाली, या शाळेच्या स्वयंपाकघरात मी सूप ढवळतेय. भोपळा, गाजर, पालक, सगळं शिजवायचं, घोटायचं, गाळायचं आणि वर टोमॅटोचा लाल रंग चढवायचा. आत काय आहे याचा कुणाला पत्ता नाही. पोरं वाटी चाटूनपुसून साफ करतात आणि ओरडतात, "मावशी, अजून!" तेवढ्यावर माझा दिवस छान जातो.

मग या आहाराच्या बाई आल्या. वय माझ्या भाचीएवढं. दर बुधवारी पहिलीच्या वर्गात भाज्यांच्या बाहुल्या नाचवायच्या, की पोरं खूश. त्या बुधवारी जेवणाच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणून मी हात पुसत बाहेर आले. बघते तर आमची चिमणी, वर्गातली सगळ्यात बारकी, उकडलेल्या भोपळ्याची फोड खात होती.

"आयुष्यात पहिल्यांदा भोपळा खाल्ला हिने!" बाई म्हणाल्या. चिमणीने त्यांच्या गळ्यात हात टाकले.

माझ्या गळ्यात कधी नाही टाकले. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला.

"पहिल्यांदा कसलं डोंबलाचं!" मी तिथेच बोलून बसले. "वर्षभर रोज खातेय ती. सूपमध्ये घालते मी, भोपळा, गाजर, पालक, सगळं!"

चिमणीचा चेहरा एवढासा झाला. "मावशी, तू आम्हाला फसवलंस?"

दुसऱ्या दिवशी पोरं चमच्याने सूप ढवळून तळाशी भाजी शोधत बसली. एकानेही तोंडाला लावलं नाही. भरलेलं पातेलं तसंच परत आलं आणि मी सिंकपाशी उभी राहून रडले.

शुक्रवारी बाई मुद्दाम आल्या. माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मावशी, आज भाज्या पोरांसमोर चिरा," एवढंच म्हणाल्या.

मी चिरल्या. बाई एकेक फोड हातात घेऊन पोरांना नाव विचारत होत्या आणि पोरं ओरडून सांगत होती. सूप झाल्यावर त्या बुटक्या बाकावर बसल्या आणि पहिली वाटी स्वतः प्यायल्या. मग चिमणीने एक घोट घेतला. मग दुसरा. बाकीची पोरंही प्यायला लागली.

चिमणीने रिकामी वाटी वर धरली.

"बाई, अजून!"

पळी माझ्या हातात होती. मीच वाढलं.