खंडेनवमीचा स्विच

जयवंतने बटण दाबलं. टक्. टेबलावरचा हिरवा दिवा लागला आणि भांडुपच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जमलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"क्षेपणास्त्रात बसणार हा स्विच!" तो म्हणाला. "आपल्या भांडुपचा! नाना, तुम्हीही दाबून बघा."

पिठाच्या गिरणीवाल्या नानांनी दाबून बघितला. त्यांच्या सुनेनेही. खंडेनवमी होती, यंत्रांवर झेंडूच्या माळा होत्या. पेढा घ्यायचा आणि स्विच दाबायचा, अशी प्रथा सकाळपासून रूढ झाली होती. एकाचं कौतुक झालं की जयवंत दुसरा स्विच जोडत होता.

"दादा, पुरे ना," तपासणी सांभाळणारी त्याची बहीण वनमाला म्हणाली. "आतून झिजतात रे ते."

"अगं, जितका तपासू तितका पक्का!"

तेवढ्यात संरक्षण खात्याचे चंद्रप्रकाश साहेब आले. सणाच्या दिवशी सरकारी माणूस कामावर आला, यावरूनच काम किती मोठं आहे ते सगळ्यांना कळलं. एक नमुना पसंत पडला, तर शेडला वर्षभराची ऑर्डर. नाहीतर पुन्हा मिक्सरची बटणं.

"तपासलेत?" साहेबांनी विचारलं.

"सकाळपासून थांबलोच नाही, साहेब! सगळे तपासले. एकही चुकला नाही!"

साहेबांनी एक स्विच उघडून भिंगाखाली धरला. मग दुसरा. आतली टोकं काळवंडली होती.

"याला आकाशात एकदाच चालायचंय," ते म्हणाले. "त्याचं आयुष्य तुम्ही पेढ्यांबरोबर वाटून टाकलंत."

जयवंतने पेढ्यांचं ताट खाली ठेवलं.

"एक आहे," वनमाला म्हणाली. "सगुणाआत्यानं देवापुढे ठेवलाय. पूजेतला, म्हणून कोणी हात लावला नाही."

हळदकुंकू वाहिलेला बंद डबा आला. साहेबांनी स्विच काढून जोडला, श्वास रोखला आणि दाबला.

टक्. दिवा लागला.

सगळे एकदम ओरडले. नानांनी वयाला न शोभणारी शिट्टी मारली. साहेबांचाही चेहरा उजळला.

"झकास!" ते म्हणाले, आणि त्यांचं बोट पुन्हा बटणाकडे वळलं. "परत एकदा बघू या—"

"साहेब, आधी तोंड गोड करा," म्हणत जयवंतने त्या हातावर पेढा ठेवला आणि दुसऱ्या हाताने हळूच वायर काढून घेतली.