गुडघ्याच्या वरचा ढग

दीप्तीताईच्या पाठवणीत बाबा रडले.

नाही रडले. घरात तसं ठरलंय आणि आईने ते सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. तेव्हा वरचं वाक्य तिथे नाहीच असं समजून पुढे वाचावं.

तर पाठवणीचं काम माझ्याकडे होतं. लग्न सकाळी बुद्धविहारात, रिसेप्शन दुपारी अमरावती रोडच्या एका लॉनवर, आणि दिवस कलताना पाठवणी. बाकी सगळं वडीलधाऱ्यांनी वाटून घेतलं. मी घरात सर्वांत लहान आणि बिनकामाचा, म्हणून 'काहीतरी यादगार' करायचं माझ्या वाट्याला आलं.

आमचे बाबा, म्हणजे प्रेमानंद, नागपूरला लागून असलेल्या आमच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर गाड्या रवाना करतात. गुवाहाटी, कोची, लुधियाना. एवढं आयुष्य त्यात गेलं, पण निघालेल्या ट्रककडे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही. ताई चालली होती इथेच, नागपुरात, रामदासपेठेत. मध्ये फक्त थोडे सिग्नल. तरी आठवडाभर आधी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी गेटवर येत नाही. तुम्हीच लावून द्या तिले. मी मंडपात बसतो."

"काहून? पाय दुखते का?" आईने विचारलं.

"हो."

"कोणता?"

"दोन्ही."

खरं कारण आम्हाला माहीत होतं. गोडाऊनवरचे सगळे ड्रायव्हर लग्नाला येणार होते. ते बाबांना वचकून असतात. त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आलं, तर सोमवारी गोडाऊनवर कोण ऐकेल?

ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "ऐक. बाबा गेटवर नाही आले तं मी गाडीत बसत नाही. सांगून ठेवते."

"अन् आले, अन् सगळ्यांसमोर रडले तं?"

"तं मले बसवतच नाही, बावा. मग तूच जा रामदासपेठेत."

मला एवढ्या लवकर सासरी जायचं नव्हतं. रात्रभर विचार केला. फुलांची तोफ, ढोलताशा, आकाशकंदील. यातल्या कशानेही माणसाचे डोळे झाकत नाहीत. सकाळी दात घासताना सुचलं: ढग. बाबांना गेटवर न्यायचं, आणि मग गेटच कुणाला दिसू द्यायचं नाही.

डेकोरेशनवाला म्हणाला, "ढग आहे ना भाऊ. नवरा-नवरी स्टेजवर येताना सोडतो आपण. एकदम स्वर्गावानी."

"किती उंच?"

"गुडघ्यापर्यंत. त्याच्या वरची गॅरंटी नाही."

"माझ्या बाबांचे डोळे गुडघ्याच्या वर आहेत."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "तं मग धुराच्या मशिनी लागतील. किती लावू?"

"आहेत तेवढ्या."

इथे माझा हिशेब चुकला, हे मान्य आहे. त्याच्याकडे बऱ्याच होत्या.

उन्हं उतरली. डिसेंबरातली ती वेळ, जेव्हा नागपूर स्वतःच थोडं धुरकट असतं. ताई आणि आर्यन भाऊजी गाडीत बसायला निघाले. ताईने मागे पाहिलं. बाबा मंडपात खुर्चीवर, दोन्ही पाय धरून. तिचा चेहरा पाहिला आणि मी मशिनीवाल्याला खूण केली.

आधी सगळ्यांच्या चपला गेल्या. मग कमरा. मग हळूच, कुणाची परवानगी न घेता, अख्खं लॉन गेलं.

पांढऱ्यात झुंबरांचे दिवे तेवढे उरले, लांबून दिसणाऱ्या गावासारखे. एक काकू गुलाबजामाची वाटी घेऊन समोर आली, "ओळखलं का?" म्हणाली आणि ओळखायच्या आत विरून गेली. कुठेतरी शहनाईची कॅसेट वाजत होती, पण ती वरून येत होती की खालून ते सांगता येत नव्हतं. आर्यन भाऊजींनी ज्यांना मिठी मारून निरोप घेतला ते जनरेटरवाले निघाले. तेही गहिवरले. हातात हात यायचे, दाबले जायचे, आणि हात कुणाचा हे विचारणं बरं दिसत नव्हतं. त्या पाच-दहा मिनिटांत पुष्कळ जुनी भांडणं मिटली असावीत, कारण भांडण कुणाशी हेच दिसत नव्हतं.

त्या धुरात ताईलाही कुणीतरी गाडीत बसवून टाकलं; बाबा गेटवर आले की नाही, हे तिला दिसतच नव्हतं. गाडी मात्र अडकली. ती तोंड आत करून लावली होती, म्हणजे मागे घेऊनच काढायची. चालवायला शालिकरामकाका, गोडाऊनवरचे सर्वांत जुने ड्रायव्हर. दुसऱ्या कुणाच्या हाती दीप्ती द्यायला बाबा तयार नव्हते. भाऊजींचं नाइलाजाने चालवून घेतलं होतं. काकांनी रिव्हर्स टाकला आणि गाडी कूं-कूं करत आइस्क्रीमच्या टेबलाला भिडली.

हा आवाज बाबांच्या कानावर गेला.

मी पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही. पण धुरातून आवाज आला, "थांब बे! कुठं घालून राहिला?" मग तो आवाज गाडीजवळ आला. "येऊ दे... येऊ दे... डावं काट... अजून काट... सरळ कर... येऊ दे." दुखणारे दोन्ही पाय गाडीसोबत चालत होते. मी आवाजामागे चाललो. ढगातून एक फुलांनी सजवलेली गाडी मागे मागे सरकत होती आणि एक हात तिच्या अंगावर ठेवलेला होता. हाताच्या पुढे माणूस नव्हताच, नुसता पांढरा शर्ट कुठेतरी असावा असा भास.

गाडी गेटबाहेर आली, वळली, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. बाबांनी डिकीवर थाप मारली. एक.

गोडाऊनवर गाडीच्या अंगावर एक थाप म्हणजे थांब. लागोपाठ दोन म्हणजे जाऊ दे. दोन मिळाल्याशिवाय वाडीचा ड्रायव्हर हलत नाही. समोर नवरी असो की कांदे.

गाडी थांबली. ढग आमच्यासोबत गेटबाहेर आला आणि आमच्याभोवती बसला.

काच खाली झाली. "बाबा? काय झालं?"

"मागून ट्रक येऊन राहिला."

"कुठं?"

"येईल."

आम्ही ट्रकची वाट पाहिली. एक सायकल गेली.

"प्रेमानंदभाऊ," शालिकरामकाका धुराला म्हणाले, "दोन पाहिजे गा."

"माहीत आहे मले. तुले म्याच शिकवलं."

मग बऱ्याच वेळाने एक थाप आली. पण इतक्या वेळाने आलेली थाप दुसरी धरत नाहीत. ती पुन्हा पहिली असते. म्हणजे बाबांनी उभ्या गाडीला पुन्हा थांबवलं. काकांनी हँडब्रेक ओढला. धुरात नाक ओढल्यासारखा आवाज झाला. ते नाक कुणाचं, यावर घरचा निर्णय वर दिलेला आहे.

"बाबा," ताई म्हणाली, "मी दिसते का तुम्हाले?"

"नाही वं, बाई."

"तुम्ही पण मले दिसत नाही. कोणालेच दिसत नाही."

तिने दार उघडलं नाही. खिडकीतून मेंदीचा हात बाहेर काढला आणि हवेत धरला. पांढऱ्यातून बाबांचा हात आला. किती वेळ ते दोन हात तसेच होते, कुणास ठाऊक. माणसं नव्हती, नुसते हात होते. मग ताईने बाबांचा हात आपल्या हाताखाली घेतला आणि दारावर मारला. थाप, लागोपाठ थाप.

गाडी सुटली. थोडा ढग तिच्या मागे अमरावती रोडने गेला.

धूर विरला तेव्हा ड्रायव्हर मंडळी गेटपाशी जमली होती. बाबा रस्त्याकडे तोंड करून उभे होते. वळले नाहीत. पहिल्यांदाच ते निघालेल्या गाडीकडे पाहत होते, आणि तिचा मागचा दिवासुद्धा आता दिसत नव्हता.

"धूर लय होता," ते म्हणाले.

"लय," ड्रायव्हर एकसुरात म्हणाले.

आई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. तेव्हा त्यांनी अगदी हळू विचारलं, "लय दूर आहे का वं रामदासपेठ?" आईने बोटांवर सिग्नल मोजले, ते तेव्हा जास्तच भरले. म्हणून दुसऱ्या दिवशी मी अर्ज केला, तो असा:

प्रति, नगररचना विभाग. महोदय, सविनय विनंती की, रामदासपेठ ही वस्ती, तेथील दवाखाने, कार्यालये, झाडे व माझी बहीण यांसह, वाडी येथे आमच्या घरामागील मोकळ्या जागेत कायमस्वरूपी हलवण्यात यावी. वस्ती मागे घेताना डावी-उजवी सांगण्यास अर्जदाराचे वडील स्वतः हजर राहतील. कृपया सत्वर कार्यवाही व्हावी.