पाठ बंद असलेला हेडफोन

ऐक, ऋता, नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी भलतीकडेच जाईन.

तर रुपालीने तोसुद्धा हेडफोन कानावरून खाली ओढला आणि म्हणाली, "नाही हो दादा. ह्याच्यातूनपण ऐकू येतंय."

काउंटरमागच्या प्रितमचं तोंडच उतरलं. लॅमिंग्टन रोडच्या बोळातलं एवढंसं दुकान, शनिवारची दुपार, गिऱ्हाइकं खांद्याला खांदा लावून उभी, आणि ही पोरगी एकामागून एक पीस नापास करत सुटलेली.

"मॅडम, शक्यच नाही," तो म्हणाला. "ह्याची पाठ बंद आहे. मागे जाळी बघा, आहे कुठे? जाळीवाल्यात आवाज आरपार जातो. ह्यात आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. आणि वर मी गाणं लावलंय. काय ऐकू आलं तुम्हाला?"

"आजोबा म्हणाले, कानाची पाळी दुमडली गो तुझी, नीट घाल."

प्रितमने तिच्या आजोबांकडे पाहिलं. दौलत आजोबा काउंटरच्या कडेला हात टेकून उभे होते, पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. त्यांनी मान हलवली. बोलले होते खरे.

"काढा दुसरा," आजोबा ओरडले. ते ओरडतातच. त्यांना स्वतःला कळत नाही आवाज किती निघतो ते. कधी अख्खी चाळ जागी होते, कधी नुसतेच ओठ हलतात आणि आवाज फुटतच नाही.

आता रुपालीचं काम कसं, तर डॉक्टर लोक पेशंटबद्दल बोलून ठेवतात ते ऐकायचं आणि टाईप करायचं. काही दिवस ऑफिसला, काही दिवस घरून. जाता-येता बसमध्येपण एखादी फाईल ऐकून ठेवते ती. म्हणून तिला एकच हवा होता, दोन्हीकडे चालेल असा. घडी होऊन बॅगेत मावला पाहिजे, चष्म्याची दांडी डोक्यात रुतता कामा नये, आणि वायरचाच हवा, कारण बॅटरीवाला ऐन फाईलच्या मध्ये मान टाकतो. पण खरी गोष्ट घरची. लालबागला एक खोली, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर ही बसणार, खाली आजोबांचा टीव्ही फुल्ल आवाजात. मागच्या महिन्यात तिच्याकडून औषधाचा डोस चुकीचा टाईप झाला. मग परत एकदा. तिच्या टीम लीडरने सरळ सांगितलं, अजून एक चूक आणि बाय-बाय.

त्यावर तिची आई शांता म्हणाली, "बाबांना गावाला पाठवू शिवा भावोजींकडे. गणपतीपर्यंत."

गणपतीपर्यंत म्हणजे काय ते आईला माहीत होतं, रुपालीलापण माहीत होतं. ह्या वयात तिकडे गेलेला माणूस परत मुंबईला येत नाही. आणि रुपालीला वाढवलं कोणी? तिचे वडील लवकर गेले, आई कामावर, तर आजोबांनीच. ती भांडली. शेवटी दोघींचं ठरलं, कान पूर्ण बंद करणारा हेडफोन मिळाला तर आजोबा राहणार. नाही मिळाला तर शिवाकाकाला फोन. आजोबा समोरच बसले होते चहा घेत, पण ह्या दोघी हळू बोलत होत्या ना. आजोबांना कुठे ऐकू येतंय.

म्हणून ती असा जीव तोडून बघत होती. प्रितमने आता काळा, जाड गादीचा काढला. तिने घातला. आत कोणीतरी पेटी वाजवत होतं. समोर आजोबा बोलले.

"ह्यो बरो दिसता तुका."

"बरा दिसतो म्हणताय, पण ऐकू आलंच की!" रुपाली म्हणाली. तिचे डोळे भरायला आले होते, खरंच.

प्रितमने तिच्याकडे बघितलं, मग आजोबांकडे, मग परत तिच्याकडे. मग स्वतःच्याच तोंडावर आडवा हात धरून काहीतरी बोलला.

"काय?" रुपालीने कान मोकळे करून विचारलं.

"बघा! माझं ऐकू आलं नाही. मी एवढा जवळ." तो आजोबांकडे वळला. "आजोबा, कुठे होता हो कामाला?"

"मिलमदी. साचेखात्यात."

झालं! प्रितमच्या घरीपण असणार कोणीतरी मिलमधलं, कारण त्याला लगेच कळलं. साचेखातं म्हणजे मागांचं खातं. शेकडो माग एका वेळी खडखडणार, शेजारी उभ्या माणसाला हाक मारली तरी पोचणार नाही. मग तिथे सगळे ओठांनीच बोलायचे. तोंड मोठं उघडायचं, शब्द चावल्यासारखे करायचे, समोरचा ओठ वाचणार. मिल बंद पडल्या, सवय राहिली. अजूनही आजोबा आणि समोरच्या चाळीतले सीताराम आजोबा गॅलरीतून तासभर गप्पा मारतात, आवाज न काढता.

आणि रुपाली त्याच तोंडासमोर बोलायला शिकलेली. तिला आजवर वाटत होतं ती आजोबांचं ऐकते. ती ऐकत नव्हतीच गं. बघत होती.

"फिरा तिकडे," प्रितम म्हणाला. "पाठ करा आजोबांकडे. आजोबा, तुम्ही बोला काहीपण. मोठ्याने."

ती वळली. समोर काचेचं कपाट, आत काळी मखमल, त्यावर महागातले पीस मांडलेले. तिने गाद्या कानांवर नीट बसवल्या.

काही नाही. पेटी, आणि पेटीच्या मागे शांतता. अशी शांतता तिच्या घरात कधी नव्हतीच. तिने श्वास सोडला. मिळाला एकदाचा. आजोबा राहणार.

तेवढ्यात तिचं लक्ष काचेत गेलं. काळ्या मखमलीमुळे काचेचा आरसाच झालेला. तिच्या खांद्यामागे आजोबा दिसत होते, आणि ते तिच्याशी नाही, प्रितमशी बोलत होते. त्याचा हात धरून. दुकानातली गिऱ्हाइकं वळून वळून बघायला लागली, म्हणजे आवाज मोठाच लागला असणार. सगळ्या दुकानाने ऐकलं. ऐकू आलं नाही ते फक्त हिला.

पण ओठ दिसत होते.

"तिला सांग, ह्यातला एक पण चालत नाय," आजोबा म्हणत होते. "घरात दोघी हळू बोलतात माझ्यासमोर. त्यांना वाटतं मला कळत नाय. तोंड तर दिसतं ना मला. ही पोर रोज कान झाकून बसणार, कशासाठी, तर म्हातारा खाली टीव्ही बघतो म्हणून. मी पण कापसाचे बोळे घालून उभा राहिलो रे साच्यावर. गेले ते गेलेच कान. तू नाय म्हणून सांग. मी गावाक जातो."

एका बाईने रुपालीकडे बघितलं आणि पटकन नजर फिरवली.

प्रितमने आजोबांचा हात हळूच सोडवला. त्याने पुढे येऊन रुपालीच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं. तिने हेडफोन गळ्यात घेतला.

"मॅडम," तो म्हणाला. बघ हां, ह्याचा धंदा बुडतोय, हातातलं गिऱ्हाईक चाललंय. "ह्यात पण थोडा आवाज येतोच. घरातल्या टीव्हीला तर नाही पुरणार. तुम्ही वेगळी काहीतरी सोय बघा."

"येतो?" रुपाली म्हणाली.

"येतो."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. टेबलावरची वायर गुंडाळत बसला, गुंडाळलेलीच वायर.

आजोबा शर्टाची बाही सारखी करत होते. "चल गो, राहू दे. काय सोन्याचे आहेत काय हे? तुझ्या आयेक सांगू, नाय मिळाले."

रुपाली हलली नाही. गळ्यातला हेडफोन दोन्ही हातांनी धरून उभी. ती म्हणाली असती ना, आजोबा, मी वाचलं सगळं, तर? तर आजोबांना दुकानभर लोकांसमोर मान खाली घालायला लागली असती. आणि हे बोललीच नाही तर त्यांच्याबरोबर बाहेर पडायचं, बसने घरी जायचं, आणि संध्याकाळी शिवाकाकाला फोन.

तिने हेडफोन परत कानांवर चढवला. आजोबांकडे तोंड करून सरळ उभी राहिली.

"एकदा शेवटचं बघते," ती म्हणाली. "बोला आजोबा."

प्रितमचा हात थांबला. त्यालापण कळलं की आता ही काही हेडफोनची टेस्ट राहिली नव्हती. समोर तोंड असलं की तिला कळणार, हे आता तिघांनाही माहीत होतं.

आजोबांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. काचेच्या कपाटाकडे बघितलं. त्यात आता तिची पाठ दिसत होती, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा. त्यांना काय उमगलं कोण जाणे, ते एक पाऊल पुढे आले. तोंड उघडलं, मोठं, सावकाश, साच्यासमोर उघडत असतील तसं.

"माका जावंदे गो बाय."

दुकानातल्या एकानेही मान वळवली नाही. आवाज निघालाच नव्हता.

प्रितमने भुवया उंचावल्या आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं. आलं का ऐकू? आलं म्हणाली तर हेडफोन बाद, आजोबा गावाला, त्यांना हवं तसं. नाही म्हणाली तर हेडफोन बॅगेत, आजोबा घरी, तिला हवं तसं. आणि आजोबा उत्तर ऐकायला थांबले नव्हते, त्यांना ऐकू कुठे येतं. ते डोळे न हलवता तिच्या ओठांकडे बघत होते.

तिने तोंड उघडलं.

सांग ना ऋता. तू काय म्हणाली असतीस?