नळीतली भाडेकरीण

मित्रांनो, मी फवारणीचा एक जुना पंप आहे. निळी टाकी, दोन पट्टे आणि पितळी नळी, एवढाच माझा संसार. बारा वर्षं मी माळीदादांच्या पाठीवर बसून ही सोसायटी पाहिली. स्वतः एक पाऊलही टाकलं नाही.

दर सोमवारी सकाळी, ऐन फुलं उमलायच्या वेळेला आमची फेरी. कीड दिसो न दिसो, फवारा ठरलेला. पाहुणे म्हणाले, "काय स्वच्छ बाग!" की सेक्रेटरीसाहेबांची छाती फुगायची. फुलंही त्यांच्याच पसंतीची, नर्सरीतली, भरगच्च पाकळ्यांची. आत ना मध, ना पराग.

तळमजल्यावरच्या काकूंनी मागच्या भिंतीशी भोपळ्याचा वेल लावला होता. फळ बोटाएवढं व्हायचं, पिवळं पडायचं, गळायचं. मग काकू रोज ब्रश घेऊन नरफुलातला पराग मादीफुलाला लावत बसायच्या.

"काकू, फुलांना पावडर लावताय?" सेक्रेटरी हसले. "त्यापेक्षा इथे फरशी घालतो. गाड्या तरी लागतील."

"मधमाश्यांचं काम करतेय. त्यांना तुम्ही दर सोमवारी मारता ना! एक हंगाम द्या. पंप बंद, माझा ब्रशही बंद. एकसुद्धा भोपळा धरला नाही, तर घाला खुशाल फरशी."

सेक्रेटरींनी पैज घेतली आणि त्या दिवशी माझी नोकरी गेली. माळीदादांनी मला धुतलं, नळीचं टोक काढलं आणि मागच्या भिंतीला टांगलं. नर्सरीवाला तण म्हणून उपटतो ती माळावरची रोपं त्यांनी आणि काकूंनी तिथे लावली.

पहिला महिना, मधमाश्या शून्य. दुसऱ्यात दोन फुलपाखरं, तीही घाईत. फरशीवाला मापं घेऊन गेला. त्यानंतर एका सकाळी भोपळ्याच्या फुलातून एक माशी बाहेर आली, परागाने माखलेली. आठवड्याने फळ बोटाएवढं झालं. पिवळं पडलं नाही. मुठीएवढं झालं.

आता सेक्रेटरीच रोज येऊन विचारतात, "कोणी हात नाही ना लावला?" जणू वेल त्यांनीच लावला!

परवा माळीदादा मला भंगारात द्यायला निघाले. सेक्रेटरी ओरडले, "अरे थांब! भाडेकरीण आहे आत."

खरंच होती. पोळं न बांधता एकटीच राहणारी एक छोटी मधमाशी पानाचे गोल तुकडे आणून माझ्या नळीत पिल्लांसाठी खोल्या बांधते आहे. ज्या तोंडाने मी तिच्या जातभाईंवर विष ओकलं, त्याच तोंडात.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही रानफुलांना जमिनीची एक पट्टी सोडा. आणि जुनी नळी फेकण्याआधी तिच्या तोंडाशी हिरवं पान तर नाही ना, तेवढं बघा.