पंधरा वाव

सतरा दिवस जाळं ओढून ओढून वालजी तांडेलाच्या अंगात आता फक्त गुडघे उरले होते, आणि तेही दुखण्यापुरते. कार्तिक निम्मा सरला होता. वायरलेसवर आदल्या संध्याकाळपासून एकच रट लागली होती: वादळ येतंय, जवळच्या आडोशाला जा. वेरावळच्या निम्म्या बोटी मग शियाळ बेटाच्या मागे येऊन बसायला लागल्या. वालजीची बोट 'सिकोतर कृपा', समुद्र सांभाळणाऱ्या सिकोतर मातेच्या नावाची, उजाडता उजाडता पोहोचली. सात वाव पाणी होतं; दोन्ही हात पसरले की एक वाव. त्याने नांगर टाकला, पस्तीस वाव दोर सोडला, नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उकिडवा बसून ताणलेल्या दोरावर तळवा ठेवला. नांगर घसरत असला की दोर थरथरतो. हा गप्प होता. वालजीने "हाश्श" केलं आणि तिथेच, खुंट्याला पाठ लावून, भगाने दिलेला चहा बशीत ओतला. भगा एकवीस वर्षांपासून त्याच्याकडे असलेला खलाशी. त्यालाही बोलायचा कंटाळा आला होता.

बेटामागे जागा थोडी आणि बोटी चाळीस. अशा ठिकाणी कुणाची दादागिरी चालत नाही. आधी आला त्याची जागा, आणि मागून येणाऱ्याने ओरडून विचारायचं, "किती वाव?" आधीच्याने सांगायचं, आणि मागच्याने तेवढाच सोडायचा. दोर सारखे असले की भरती-ओहोटीला सगळ्या बोटी एकदम फिरतात, कुणी कुणाला लागत नाही. दोराला दर पाच वावांवर एक चिंधी बांधलेली असते. आकडा सांगितला की मागून येणारा आणखी एक हाक मारतो, "मोजून सांगा!" त्याचा राग कुणी धरत नाही. मग आधीचा डेकवर उरलेल्या चिंध्या मोजतो आणि खरा आकडा ओरडतो. नंतर कधी दोर वाढवायचा झाला तर दोन्ही बाजूंना हाक द्यायची आणि त्यांचं उत्तर आल्याशिवाय एक हातसुद्धा सोडायचा नाही. एवढे हे नियम. कुठे लिहिलेले नाहीत, पण ते न पाळणाऱ्याशेजारी कुणी नांगर टाकत नाही.

वालजीला मात्र "मोजून सांगा" असं गेल्या तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. वालजीने पस्तीस म्हटलं की पस्तीस. या गोष्टीचा त्याला किती अभिमान होता हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

तासाभराने 'मुरलीधर' आली. सुकाणूवर जेंती होता. अकरा वर्षं खलाशीपणा करून याच मोसमात तांडेल झालेला. त्यातली सहा वर्षं त्याने वालजीच्याच हाताखाली काढली होती.

"वालजीकाका, जय सिकोतर! किती वाव?"

"पस्तीस. आणि जरा लांब टाक रे, माझ्या मांडीवर बसू नकोस!"

"तुमच्या मांडीवर जागा कुठाय, भगाभाई बसलाय ना!"

भगाने हसत त्याला एक खास वेरावळी शिवी हासडली. जेंतीने योग्य अंतर राखून नांगर टाकला, चिंध्या मोजत मोजत पस्तीस वाव सोडला. नाळेवर त्याचा खलाशी मेघजी होता. त्याने दोराचे तीन वेढे खुंट्याला घालून वालजीकडे हात केला. वालजीने बघितलं. काम चोख होतं. शिकवलेलं फुकट गेलं नाही, असं त्याच्या मनात आलं, पण ते बोलून दाखवायचाही कंटाळा आला.

बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी खाऊन सगळी बोट आडवी झाली. वालजीही आडवा झाला, पण म्हातारा तांडेल कसला झोपतो. सकाळी दहाच्या सुमाराला वाऱ्याचा आवाज बदलला तसा तो उठला. गुडघ्यांना समजावत नाळेवर गेला. बोट दोराला हिसके देत होती. एवढ्या वाऱ्याला पस्तीस कमी, हे त्याला हाताने कळलं. त्याने वेढे सैल केले आणि आणखी पंधरा वाव सोडला.

हाक खरं तर आधीच मारायला हवी होती, आता तरी मारायची. त्याने 'मुरलीधर'कडे पाहिलं. डेकवर चिटपाखरू नव्हतं, सगळे मेल्यासारखे झोपलेले. वारा तोंडावर. ओरडायचं तर छातीतून ओरडायला हवं, उत्तर येईपर्यंत ओरडत राहायला हवं, मग जेंती उठणार, तोही दोर वाढवणार, मग पलीकडच्याला सांगणार. वालजीच्या जिवावर आलं. अगदी खरं सांगायचं तर एवढंच कारण होतं. ओहोटी लागायला अजून दोन तास आहेत, तोवर उठतीलच सगळे, तेव्हा सांगू, असं म्हणून तो खाली गेला, आणि इतके दिवस न लागलेली झोप त्याला नेमकी तेव्हा लागली.

तो जागा झाला तो दणक्याने. पाठोपाठ माणसाची किंकाळी.

वर येऊन बघतो तर ओहोटीने सगळ्या बोटी फिरवल्या होत्या, आणि 'सिकोतर कृपा' आपल्या लांब दोरावर मोठा घेर घेत थेट 'मुरलीधर'वर जाऊन पडली होती. तिची मागची लोखंडी चौकट जेंतीच्या नाळेत घुसली होती. मेघजी मधे टायर घालायला धावला होता. टायर दोरीने सोडायचा असतो, हात मधे घालायचा नसतो, पण अर्धवट झोपेतल्या माणसाला ते कुठे आठवणार. दोन बोटींच्या मधे त्याचा उजवा पंजा सापडला होता.

इंजिनं सुरू झाली, शिव्या झाल्या, बांबूंनी रेटून बोटी वेगळ्या केल्या. जेंतीने आपला नांगर उचलून लांब नेऊन टाकला. बेटावरच्या होडीतून मेघजीला किनाऱ्याला नेलं. त्याचा पंजा लुंगीत गुंडाळला होता आणि लुंगीचा मूळ रंग ओळखू येत नव्हता.

पलीकडच्या बोटीवरून प्रागजी तांडेल सगळं बघत होता. त्याच्या तोंडाला कुणी कधी झाकण घातलं नव्हतं. "जेंत्या! पस्तीस सांगितले ना काकांनी? तू काय वीसच सोडलेस की काय? की तांडेल झालास आणि मोजायला विसरलास?"

"पस्तीसच सोडले होते, प्रागजीभाई," जेंती म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "मोजताना चुकलो असेन. काका, माफ करा."

काका, माफ करा! वालजीच्या कानशिलात कुणी मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने तोंड उघडलं. पण जेंती पाठ फिरवून डेकवरचं रक्त धुवायला लागला होता, आणि वालजीने उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

भगा नाळेवर गेला होता. तिथे त्याने चिंध्या मोजल्या. साठ वावांचा दोर, पस्तीस पाण्यात, म्हणजे डेकवर पाच चिंध्या हव्या होत्या. दोनच होत्या. तो परत आला आणि वालजीच्या शेजारी बसून हळूच म्हणाला, "काका, चिंध्या..."

"बघितल्या मी."

"मी नाही बघितल्या." भगाने विडी पेटवली. "वारा जरा उतरलाय. पंधरा वाव खेचून घेऊ का? कुणाचं लक्ष नाही."

वालजी हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. माणूस थकला की सगळ्यात आधी त्याचं 'नाही' थकतं. भगाने दोर खेचून घेतला, वेढे घातले. थोड्या वेळाने डेकवर ओल्या दोराच्या पाच चिंध्या शहाण्यासारख्या पडल्या होत्या.

रात्र कशीबशी गेली. सकाळी वायरलेसवर जेंतीचा शेठ आला. वायरलेस म्हणजे गावचा चव्हाटाच, बेटामागच्या चाळीस बोटी कान देऊन ऐकत होत्या.

"मेघजीची दोन बोटं गेली," शेठ म्हणाला. "डॉक्टरने काढली. लहान पोरांचा बाप आहे तो. जेंती, तुला दोर मोजता येत नाही तर बोट कशाला घेतलीस? किनाऱ्याला आलास की चावी आणून दे. माझ्या बोटीवर तू परत खलाशी म्हणूनसुद्धा नकोस."

"हो शेठ," जेंती म्हणाला. एवढंच. त्याने भांडण केलं नाही, कारण आपण चुकलो असं त्याला खरंच वाटत होतं. समोर वालजीकाका असल्यावर दुसरं काय वाटणार?

"दर्यावर जन्मलेल्या खारव्याच्या पोराला मोजता येईना," प्रागजीने मधे तोंड घातलं. "आता किनाऱ्याला चिंध्या विकायचं दुकान काढ म्हणावं!" दोन-तीन बोटी हसल्या.

वालजी सुकाणूशेजारच्या फळीवर बसला होता. त्याला या सगळ्याचा वीट आला होता: वाऱ्याचा, गुडघ्यांचा, प्रागजीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. आणखी दोन मोसम, मग घरी बसायचं, लोकांनी म्हणायचं की वालजीचा दोर कधी मोजावा लागला नाही. एवढंच तर शिल्लक राहणार होतं. आणि तेवढंच राखायला शेजारच्या बोटीवरचा एक माणूस आयुष्यातून उठत होता, तोही वालजीने स्वतःच्या हाताने घडवलेला. त्याला लाज वाटली.

भगाने त्याचा हात माइककडे जाताना पाहिला. "काका, राहू द्या. झालं ते झालं."

"भगा, गप्प बस जरा."

त्याने बटण दाबलं. "मी वालजी बोलतोय, सिकोतर कृपावरून. सगळ्यांनी ऐका. जेंतीचा दोर पस्तीस होता. बरोबर होता. माझा पन्नास होता. वारा वाढला म्हणून मी पंधरा वाव सोडला आणि हाक मारली नाही. नंतर लपवायला परत खेचून घेतला."

त्याने बटण सोडलं.

मग प्रागजी. पण आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "वालजी, झोपेत आहेस का रे?"

"काल होतो. आज जागा आहे. शेठ, चावी मागायची तर माझ्या शेठकडे माझी मागा. पोराची ठेवा."

जेंतीचा शेठ "बघतो," म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "जेंती, चावी राहू दे तुझ्याकडे." तिकडून जेंतीचं उत्तर आलं. दोनच शब्द. "ऐकलं, काका."

वालजीच्या शेठने त्याला काढलं नाही. एवढा जुना तांडेल हंगामाच्या मधे कुठे शोधायचा, असा त्यामागे साधा हिशोब होता. मेघजीच्या घरी वालजी स्वतः गेला. मेघजीची बायको त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून आत निघून गेली ती परत बाहेर आली नाही. मेघजी मात्र बसला.

पौषात पुन्हा वारा सुटला आणि पुन्हा बोटी बेटामागे आल्या. वालजी या वेळीही लवकर पोहोचला. नऊ वाव पाण्यात नांगर टाकला, दोरावर तळवा ठेवून पाहिला आणि खाली बसला. बोटी येत राहिल्या. त्याच्या दोन्ही बाजूंना जागा असून दोन जण पुढे निघून गेले. भगा दात ओठ खात बघत होता. वालजीला तेवढं बळही नव्हतं.

तेवढ्यात 'मुरलीधर' आली आणि त्याच्या डाव्या बाजूला येऊन इंजिन मंद झालं. नाळेवर मेघजी होता. उजव्या हाताची तीन बोटं दोरावर घट्ट होती.

"वालजीकाका, जय सिकोतर!" जेंतीने हाक दिली. "किती वाव?"

वालजी उभा राहिला. "चाळीस!"

मेघजीने मागे वळून जेंतीकडे पाहिलं. जेंतीने मान खाली घातली, मग वर केली, आणि ओरडला. आवाजात राग नव्हता. कुणालाही विचारावं तसं त्याने विचारलं.

"मोजून सांगा, काका!"

भगा उसळला. "अरे, लाज वाटत नाही का रे तुला? ज्यांनी शिकवलं त्यांनाच..."

"शिकवलंय तेच करतोय तो," वालजी म्हणाला. "सरक."

तो गुडघ्यांवर बसला. डेकवरचा दोर उचलून त्याने चिंध्या एकेक करून हातात घेतल्या, वर धरल्या, पलीकडे दिसाव्यात म्हणून, आणि चाळीस बोटींना ऐकू जाईल अशा आवाजात मोजायला लागला. "एक! दोन! तीन!" चौथी चिंधी त्याने सगळ्यात उंच धरली. "चार! साठातले वीस वर आहेत. चाळीस पाण्यात!"

ऐकू आलं हे सांगायला मेघजीने आपला तीन बोटांचा हात वर केला. मग 'मुरलीधर'ने नांगर टाकला आणि चाळीस वाव दोर सोडला.